मंद वाऱ्यातील विंडसर्फ फॉइलिंग: ८.५चे शीड की मोठा पंख?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वजन ७८ किलो. गोव्यात दोना पावलाजवळ डिसेंबर ते मार्च या काळात फॉइलिंग, म्हणजे बोर्डाखाली पाण्यात पंख बसवून बोर्ड पाण्याच्या वर उचलून चालवणे. दुपारचा वारा बहुतेक दिवस ८ ते १० नॉट. फॉइलचा पुढचा पंख १४०० चौरस सेंटिमीटरचा. आणि जवळ दोन शिडे, एक ५.८ चौरस मीटरचे, कॅम (शिडाचे पोट धरून ठेवणारे तुकडे) नसलेले हौशी वापराचे फ्रीराइड शीड व दुसरे ७.५चे, तीन कॅम असलेले जुने रेसिंगचे. ५.८वर बोर्ड पाण्यातून सुटतच नाही. ७.५वर कधी सुटतो, कधी नाही, आणि तासाभरात खांदे भरून येतात. म्हणून आता ८.५चे शीड घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

८.५ घेऊ नका. ६.५च्या आसपासचे, फॉइलसाठीच कापलेले हलके शीड घ्या, आणि ८.५ व त्याला लागणारी लांब डोलकाठी यांवर जे पैसे गेले असते त्यांतून १८०० ते २००० चौरस सेंटिमीटरचा पुढचा पंख घ्या. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर आधी पंख घ्या. शिडाच्या प्रश्नाला पंखाचे उत्तर दिल्यासारखे वाटेल, म्हणून त्यामागचे गणित आणि अनुभव दोन्ही सविस्तर मांडतो. मी अठरा वर्षे विंडसर्फिंग शिकवतो आहे आणि त्यांतली शेवटची सात वर्षे बहुतेक फॉइलवर गेली आहेत. तुम्ही आज जी चूक करण्याच्या बेतात आहात ती मी स्वतः पूर्ण किमतीला करून पाहिलेली आहे.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करतो. या खेळात ‘मास्ट’ दोन असतात, एक शिडाचा आणि एक फॉइलचा. पुढे शिडाच्या मास्टला मी डोलकाठी म्हणेन आणि फॉइलच्या मास्टला खांब म्हणेन. बूम (हातात धरायची आडवी दांडी), डाउनहॉल (शीड डोलकाठीवर खाली ताणणारी दोरी), आउटहॉल (शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी), कॅम, बॅटन (शिडातल्या आडव्या ताठ पट्ट्या) हे शब्द किनाऱ्यावर आपण वापरतो तसेच ठेवतो.

मंद वाऱ्यात फॉइलवर सगळी अडचण एका क्षणाची असते, तो म्हणजे बोर्ड पाणी सोडतो तो क्षण. तुमचे ७८ किलो, बोर्डाचे सुमारे ९, फॉइलचे साडेचार-पाच आणि शीड, डोलकाठी, बूम मिळून सहा-सात, असे एकूण ९८ किलो वजन पुढच्या पंखाला उचलायचे आहे. पंखाची उचल त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि पाण्यातल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलो आणि सुटण्याच्या क्षणी पंखाचा उचल-गुणांक ०.९ धरून मी हिशोब केला, तर ९०० चौरस सेंटिमीटरच्या पंखाला सुमारे ९.४ नॉट वेग लागतो, तुमच्या १४००च्या पंखाला ७.५ नॉट, आणि २०००च्या पंखाला ६.३ नॉट. पंखाचा छेद आणि कोन यांनुसार हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण त्यांच्यातले प्रमाण तेवढेच राहील.

आता बोर्डाकडे पाहा. साधारण २२० सेंटिमीटर लांबीचा बोर्ड पाण्यात बसून चालत असतो तेव्हा साडेतीन नॉटच्या आसपास तो स्वतःच्याच लाटेत अडकतो. पुढे नाकाशी पाणी उभे राहते, मागे खड्डा पडतो, आणि पुढचा प्रत्येक अर्धा नॉट मिळवण्यासाठी ताकद भराभर जास्त लागू लागते. या चढावर तुम्हाला साडेतीनपासून साडेसातपर्यंत जायचे आहे की सव्वासहापर्यंत, हा फरक कागदावर सव्वा नॉटचा दिसतो. पाण्यावर मात्र तो ‘आज फॉइलिंग झाले’ आणि ‘आज नुसते उभे राहिलो’ यांच्यातला फरक असतो.

मोठ्या शिडाने या चढावर किती मदत होते तेही मोजून पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: ८ नॉटला चौरस मीटरमागे साधारण १० न्यूटन, १० नॉटला १६, आणि १२ नॉटला २३. ५.८वरून ८.५वर गेल्यास क्षेत्रफळ ४७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ८ नॉटच्या वाऱ्यात ८.५चे शीड जेवढे ओढेल तेवढे ५.८चे शीड ९.७ नॉटमध्ये ओढते. एवढ्या अवजड, महाग शिडाने तुम्ही पावणेदोन नॉट वारा विकत घेतला, असा त्याचा अर्थ. आणि ही झाली आदर्श स्थिती, कारण यात शिडाचे वजन, त्याचा आळस आणि पंप करताना होणारी दमछाक धरलेली नाही.

कारण मंद वाऱ्यात कोणीही नुसते उभे राहून सुटत नाही. शीड पंप करावे लागते. बोर्ड वाऱ्याच्या काटकोनातून थोडा खाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, घ्यायचा, झुळूक येताना दिसली की मागच्या हाताने बूम अंगाकडे ओढून लगेच सोडायचा, त्याच तालात गुडघे दाबायचे आणि सोडायचे, असे चार-सहा झटके द्यायचे आणि शेवटच्या झटक्याला वजन मागच्या पायावर न्यायचे. प्रत्येक झटक्यात शीड पंख्यासारखे हवा मागे ढकलते आणि क्षणभर तुम्हाला खऱ्या वाऱ्यापेक्षा जोरदार वारा मिळतो. ही क्रिया सेकंदाला एकदा करता आली पाहिजे. ५.८ किंवा ६.५च्या हलक्या शिडाने ती करता येते. ८.५च्या शिडाने, डोलकाठी लांब, बूम लांब आणि कॅम जड असताना, तुम्ही दोन सेकंदांत एकदा कसाबसा झटका द्याल, आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर झुळूक आली तरी हात उठणार नाहीत. तुमचे खांदे ७.५वर भरून येतात त्याचे कारण हेच आहे, ८.५वर ते आणखी लवकर भरून येतील.

माझी स्वतःची चूक सांगतो. फॉइलच्या पहिल्याच हंगामात मी ९.०चे, चार कॅमचे वापरलेले रेसिंग शीड घेतले आणि पवना धरणाच्या पाण्यावर नेले. तिथे सकाळी वारा जेमतेम ७-८ नॉट, मध्येच पडणारा. कॅमच्या शिडाची डोलकाठीची पिशवी रुंद असते आणि शीड पाण्यात पडले की त्या पिशवीत पाणी भरते. ते शीड दोरीने उभे करताना आधी नुसते वजन ओढायचे, मग पिशवीतले पाणी घळाघळा पायावर ओतले जाईपर्यंत कंबर वाकवून थांबायचे, आणि तेवढ्यात वारा पडलेला असायचा. एका सकाळी मी ते तीस-एक वेळा उभे केले असेल. त्याच पाण्यावर जेमतेम ५५ किलोची माझी एक विद्यार्थिनी ५.०चे शीड आणि मोठा पंख घेऊन, पाच झटके देऊन, माझ्या समोरून उडत गेली. वजनाचा फायदा तिला होताच, पण तेवढ्याने मला समाधान करून घेता आले नाही. दिवाळीपूर्वी ते शीड मी अर्ध्या किमतीला विकले.

पवनेचा उल्लेख आला म्हणून जाता जाता एक गोष्ट. शिडांच्या आकाराचे बहुतेक तक्ते थंड हवेतल्या, समुद्रसपाटीच्या अनुभवावर बेतलेले असतात. १५ अंशांना कोरड्या हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. गोव्याच्या ३०-३२ अंशांच्या दमट दुपारी ती १.१५च्या आसपास येते, म्हणजे त्याच वाऱ्यात ओढ पाच-सहा टक्क्यांनी कमी. पवनेसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या जलाशयावर आणखी तितकीच घट होते. म्हणून तक्त्यात ‘७८ किलो, ९ नॉट, ६.०’ असे दिसले तर मी ६.५कडे झुकतो. पण हा फरक अर्ध्या चौरस मीटरचा आहे, अडीच मीटरचा नव्हे.

आता सुटल्यानंतरचा खेळ. बोर्ड पाण्यात ४ नॉटने सरकत असताना ८ नॉटच्या काटकोनी वाऱ्यात तुम्हाला जाणवणारा, म्हणजे भासमान, वारा सुमारे ९ नॉटचा असतो आणि तो पुढून ६३ अंशांवरून येतो. बोर्ड सुटला आणि वेग १४ नॉट झाला की तोच भासमान वारा १६ नॉटचा होतो आणि नाकाकडून फक्त ३० अंशांवरून येऊ लागतो. दाब सव्वातीन पट झाला आणि वारा पुढे सरकला. ज्या शिडात दोन सेकंदांपूर्वी जीव नव्हता ते आता जास्त वाटू लागते. साध्या फिनवर, म्हणजे फॉइलऐवजी बोर्डाखाली नुसते पाते असताना, बोर्डाचा तळ सतत पाणी घासत असल्याने ही ताकद खर्च होत राहते. फॉइलवर घासायला फक्त खांब आणि पंख उरतात, त्यामुळे ती तुमच्या मागच्या हातावर येते. फिनवर ज्या वाऱ्यात ७.५ लागते त्यात फॉइलवर एक ते दोन मीटर लहान शीड पुरते, असे जे सगळे सांगतात, त्याचे मूळ इथे आहे.

यावर तुम्ही म्हणाल की ऑलिंपिकमधले खेळाडू तर ९.०ची शिडे वापरतात. हा आक्षेप मला दर वर्षी ऐकू येतो आणि तो रास्त आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेच्या समुद्रावर, आयक्यूफॉइल या प्रकारात पुरुषांचे शीड ९.०चे आणि महिलांचे ८.०चे होते, त्याआधी २००८ ते टोकियोपर्यंत चाललेल्या आरएस:एक्स या प्रकारात ती ९.५ आणि ८.५ची होती. पण आयक्यूफॉइलचा पुढचा पंख ९०० चौरस सेंटिमीटरचा आहे आणि बोर्ड ९५ सेंटिमीटर रुंद. हा संच शर्यतीसाठी बांधलेला आहे: एकाच साहित्यावर मंद वाऱ्यापासून जोरदार वाऱ्यापर्यंत सर्वांनी उतरायचे आणि शेवटी जो वेगवान तो जिंकायचा. लहान पंख वेगासाठी हवा, म्हणून त्याला सोडवण्याची ताकद शिडातून आणि शरीरातून काढायची. ती माणसे सुटण्यासाठी शीड कसे हलवतात ते एकदा नीट पाहा. वल्हवणाऱ्याच्या पाठीसारखी त्यांची पाठ चालते, आणि त्या एका कृतीसाठी ती वर्षानुवर्षे व्यायामशाळेत घाम गाळतात. रुंद बोर्डाच्या कडेवर लटकून सुटल्यानंतरची ताकद अंगावर घ्यायलाही त्यांना येते. शनिवारी दुपारी दोन तास पाण्यावर जाणाऱ्याने त्या संचातले फक्त शीड उचलावे आणि बाकी सोडून द्यावे, यात काही अर्थ नाही.

तेव्हा ६.५. पण कोणतेही ६.५ नव्हे, आणि शिडाच्या निवडीचा खरा भाग इथून सुरू होतो.

सर्वांत आधी मागची कड, म्हणजे लीच, पाहायची. जोरदार वाऱ्यासाठी कापलेल्या फिनच्या शिडात डाउनहॉल ओढला की वरच्या दोन-तीन बॅटनांमधली कड सैल पडते, फडफडते आणि झुळूक वरून निसटू देते. तिथे ते हवेच असते. मंद वाऱ्यात पंप करताना मात्र नेमकी तीच कड तुमचा झटका वाया घालवते. तुम्ही बूम ओढता, खालचे शीड हवा दाबते आणि वरची हवा कडेवरून पळून जाते. फॉइलच्या शिडाची मागची कड तुलनेने ताठ असते, आणि बोर्ड हवेत असताना लाटांचे धक्के शिडापर्यंत फारसे पोहोचत नसल्याने हा ताठपणा त्रास देत नाही.

हे दुकानात कळत नाही, पण किनाऱ्यावर कळते. शीड बांधून वाळूवर वाऱ्यात उभे करा, एका हाताने डोलकाठी आणि दुसऱ्याने बूम धरा, आणि वीस झटके मोजून द्या. झटका दिल्याबरोबर तळहातावर दाब आला, आणि सोडल्याबरोबर शीड स्वतःहून परत पहिल्या आकारात आले, तर ते शीड चालेल. दाब अर्धा क्षण उशिरा आला, किंवा वरचा भाग मागाहून ‘फट्’ असा आवाज करून आला, तर क्षेत्रफळ कितीही असो, ते शीड ठेवून द्या. विसावा झटका पहिल्याइतकाच सहज वाटला का, हेही त्याच वेळी समजते. हातात धरून केलेल्या या दोन मिनिटांच्या परीक्षेवर मी माहितीपत्रकातल्या सगळ्या वर्णनांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. फॉइलचे शीड उंच आणि अरुंद असते, बूम लहान असतो आणि खालची कड बरीच वर कापलेली असते. बूम लहान म्हणजे ओढीचे केंद्र हातांच्या जवळ; भासमान वारा पुढे सरकला तरी मागचा हात खेचला जात नाही आणि पंप करताना शीड पटकन फिरते. खालची कड वर असल्याने बोर्ड पाण्यापासून दोन-अडीच फूट वर असताना आणि शीड उभे धरलेले असताना पायांना जागा राहते, आणि वळताना शिडाखालून जाता येते. शर्यतीच्या शिडांची खालची कड याउलट बोर्डाच्या जवळ आणलेली असते. तुम्हाला तिचा उपयोग नाही.

पोट किती असावे यावर मतभेद आहेत, आणि माझे मत थोडे जुन्या वळणाचे असेल. खोल पोटाचे शीड सुटण्यापूर्वी छान ओढते, पण सुटल्यावर ३० अंशांवरून येणाऱ्या वाऱ्यात तेच पोट ब्रेक लावते. शीड पुढून फडफडू लागते आणि ते भरलेले ठेवण्यासाठी तुम्ही बोर्ड खाली-खाली घेत जाता, आणि परतीच्या वेळी किनारा वाऱ्याच्या वर राहतो. फार सपाट शीड वर छान चालते, पण सुटूच देत नाही. मी मध्यम पोटाचे, आणि ते पोट डोलकाठीपासून फार मागे नसलेले शीड निवडतो, आणि उरलेली तडजोड आउटहॉलने करतो. बूमवरून चालता चालता आउटहॉल ओढता-सोडता येईल अशी दोरी बसवून घ्या. तिचा खर्च किरकोळ आहे आणि मंद वाऱ्यात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही: सुटण्यापूर्वी दोन-तीन सेंटिमीटर सोडायचे, सुटलो की परत ओढून घ्यायचे.

कॅमबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ७.५च्या तुमच्या अनुभवात त्यांचा हात आहे. कॅम शिडाचे पोट वारा नसतानाही धरून ठेवतात, आणि पंप करताना आकार हलत नाही, हा त्यांचा मोठा गुण. त्यांची किंमत मोजावी लागते ती वजनात, बांधण्याच्या वेळेत आणि विशेषतः वाऱ्यासोबत वळताना. फॉइलवर वाऱ्याच्या दिशेने १४ नॉटने जात ८ नॉटच्या वाऱ्यात वळता तेव्हा तुम्ही वाऱ्यापेक्षा वेगाने चाललेले असता. वळणाच्या मध्यावर शिडात क्षणभर काहीच दाब राहत नाही. कॅम उलटण्यासाठी दाब लागतो. तो नसल्याने कॅम जुन्याच बाजूला अडकून राहतात, तुम्ही बूमला गुडघा किंवा हात मारून ते उलटवू पाहता, आणि तेवढ्यात बोर्ड खाली बसतो. मंद वाऱ्यात एकदा बसलेला बोर्ड पुन्हा सोडवणे म्हणजे पुन्हा तो सगळा चढ. म्हणून तुमच्यासाठी बिनकॅमचे, किंवा फार तर दोन सैलसर कॅमचे शीड. तिसरा कॅम शर्यतवाल्यांना ठेवू द्या.

वजनाच्या आकड्यांत फसू नका. माहितीपत्रकात नुसत्या कापडाचे वजन असते, आणि दोन ६.५च्या शिडांत फार तर अर्ध्या-पाऊण किलोचा फरक दिसतो. हातात येते ते डोलकाठी, बूम, एक्स्टेंशन (डोलकाठीच्या बुडाला लांबी वाढवणारा तुकडा) आणि पाणी धरून. डोलकाठीत कार्बनचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ७५ किंवा त्याच्यावर नेले तर वजन तर कमी होतेच, शिवाय झटक्यानंतर ती परत सरळ यायला कमी वेळ घेते, आणि पंप करताना तेच तर हवे असते. पण कार्बनपेक्षा आधी तिचा बाक पाहा. डोलकाठीचा कडकपणा दाखवणारा आकडा तिच्यावर छापलेला असतो. ४०० सेंटिमीटरच्या काठीला १९, ४३०ला २१, ४६०ला २५ हे नेहमीचे आयएमसीएस, म्हणजे कडकपणाचे, आकडे. लांबी आणि आकडा जुळला तरी एका उत्पादकाची काठी वरून जास्त वाकते आणि दुसऱ्याची सारखी वाकते, आणि शीड ज्या बाकासाठी कापले आहे त्याच्याशी तो जुळला नाही तर मागच्या कडेचा ताठपणा, पोटाची जागा, सगळे बिघडते. ‘हे शीडच वाईट’ म्हणून माझ्याकडे आलेल्या शिडांपैकी कित्येकांचा दोष केवळ दुसरी काठी लावल्यावर गेला आहे. तुमच्या ५.८ची काठी ६.५ला लांबीने चालत असेल तरी बाक तपासल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका.

कापडाबद्दल थोडेच. पारदर्शक मोनोफिल्म हलकी आणि ताणाला पक्की असते, पण गोव्याच्या उन्हात दोन-तीन हंगामांत ती ठिसूळ होते आणि घडीच्या रेषेवर तडकते. डोलकाठीलगतचा भाग डॅक्रॉन या विणलेल्या कापडाचा असलेली शिडे मऊ असतात, झुळकेत पोट लवकर धरतात, आणि हौशी माणसाला मंद वाऱ्यात मला तीच बरी वाटतात. वापरलेले शीड घेत असाल तर खिडकी उन्हासमोर धरून बारीक चिरांचे जाळे पाहा, बूम जिथे डोलकाठीला पकडतो तिथली पिशवीची कड घासली आहे का पाहा, आणि बॅटनांची टोके दाबून पाहा. फुटलेले बॅटन पिशवीत असताना दिसत नाही, पण बोटांना कळते.

वाऱ्याच्या आकड्याबद्दलही एक शंका घेऊ द्या. आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे रोज उपयोगी पडतात. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून येतो, म्हणून किनाऱ्याजवळ तो झाडे-टेकड्यांमुळे तुटक असतो. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो, समुद्रावर सलग असतो, पण दोना पावलाच्या भूशिराच्या आडोशाला तोच वारा दोन-तीन नॉटने पडतो. फोनवर दिसलेला १० नॉटचा आकडा उघड्या समुद्राचा असतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे झाले तर ४ ते ६ नॉटमध्ये लहान लाटांचे माथे काचेसारखे राहतात आणि फुटत नाहीत. ७ ते १० नॉटमध्ये माथे फुटू लागतात आणि इकडे-तिकडे तुरळक पांढरे ठिपके दिसतात. एकही पांढरा ठिपका दिसत नसेल तर ६.५ आणि मोठा पंख घेऊनही तुम्हाला नेटाने पंप करावे लागेल, आणि ५.८ व १४०० घेऊन गेलात तर तुम्ही परत चालत याल. तुमचा ‘८ ते १०’ आडोशात मोजलेला असेल तर पाच मिनिटे जास्त खपून भूशिराच्या बाहेर जाणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. परतीला वारा पडू शकतो हे धरून चाला. झुआरीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना बिनवाऱ्याचा बोर्ड समुद्राकडेच जातो.

मोठ्या पंखाचे तोटे लपवत नाही. २०००चा पंख १५ नॉटच्या वाऱ्यात बोर्ड वर-वर उचलत राहतो, पुढच्या पायावर सतत वजन ठेवावे लागते, आणि कमाल वेग १४००पेक्षा नक्कीच कमी मिळतो. म्हणून १४००चा विकू नका. १२ नॉटच्या वर तोच लावा, आणि तेव्हा तुमचे ५.८ पुन्हा कामाला येईल. ६.५ आणि २०००, ५.८ आणि १४००, या दोन जोड्यांत तुमची ७ ते १७-१८ नॉटपर्यंतची बहुतेक दुपार भागते. हे आकडे तुमच्या वजनाचे आहेत. मित्रांनी विचारले तर दर १० किलोंमागे शीड अर्धा मीटर वर-खाली करायला सांगा, हा माझा ढोबळ हिशोब आहे. ७.५चे जुने शीड फिनसाठी ठेवा किंवा द्या, फॉइलवर नेऊ नका.

नवीन शीड बांधताना पहिल्या दिवशी डाउनहॉल उत्पादकाच्या आकड्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर कमी ओढा. वरच्या दोन बॅटनांमधल्या कडेला किंचित सैलपणा दिसला की थांबा. फिनच्या सवयीने अजून एक ओढ घेण्याचा मोह होईल, तो आवरा. बूम हनुवटीच्या थोडा वर ठेवा, म्हणजे पंप करताना शरीराचे वजन खाली लटकवता येते. डोलकाठीचा पाया आधी खाचेच्या मध्यावर ठेवा आणि बोर्डाचे नाक उठायला आळस करत असेल तर दोन सेंटिमीटर मागे घ्या. मागे घेतला की नाकावरचा भार हलका होतो आणि बोर्ड लवकर सुटतो. हे सगळे जमले आणि बोर्ड पाच-सहा झटक्यांत सुटू लागला, की एक्स्टेंशनवर डाउनहॉलच्या जागी आणि बूमच्या मागच्या टोकाला आउटहॉलच्या जागी रंगीत चिकटपट्टीची एकेक खूण करून ठेवा, कारण पुढच्या शनिवारी वारा ८ नॉटचा असेल, ऊन असेल, आणि नेमका कुठे ओढला होता हे तुम्हाला आठवणार नाही.